सोमवारी आई कुठे जायची

माझ्या नवऱ्याला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं ते नोकरीपायी. ऑस्ट्रेलियात, टार्निटच्या आमच्या घरात बसून तो एका अमेरिकन कंपनीचं काम करतो. मॅनेजर तिकडचा, आणि मॅनेजरच्या गावाची टीम तीच ह्याची टीम. मेलबर्नमध्ये राहून इथली फुटी, म्हणजे इथला देशी फुटबॉल, बघितली असती, तर चार शेजाऱ्यांशी बोलायला विषय तरी झाला असता. पण नाही. तिकडचा रविवार म्हणजे आमचा सोमवार, त्यामुळे दर सोमवारी, कधी पहाटे तर कधी नाश्त्याच्या वेळी, आमच्या हॉलमध्ये हेल्मेट घातलेले धिप्पाड बाप्ये एकमेकांच्या अंगावर आदळायचे आणि नवरा दुलई गुंडाळून सोफ्यावर बसायचा. मी त्या खेळाला लांबूनच हात जोडले होते. चार पावलं पळायचं, आपटायचं, मग जाहिराती बघायच्या.

गेल्या सीझनला ती टीम जी हरायला लागली ती हरतच राहिली. एवढी तगडी, एवढं शिकवून तयार केलेली माणसं इतक्या नेमाने हरू शकतात, ह्याचं मला आधी हसू आलं आणि मग धक्काच बसला. हाताशी आलेली मॅच शेवटच्या मिनिटाला घालवण्यात त्यांचा कुणी हात धरला नसता.

त्याच सुमारास आई पुण्याहून आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच ती आमच्याकडे राहायला येत होती, आणि फेब्रुवारीअखेर, इथला उन्हाळा संपेपर्यंत राहणार होती. मी तिच्यासाठी मागची उन्हाची खोली लावून ठेवली होती. तिने राहावं, आणि पुढेही येत राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

नवऱ्याच्या ऑफिसात तेव्हा माणसं कमी करायचं चाललं होतं. टीम हरली की मॅनेजर मंगळवारच्या मीटिंगमध्ये तोंड पाडून बसतो, असं तो सांगायचा. एकदा जेवताना म्हणाला, “हे असेच हरत राहिले ना, तर माझी पण विकेट जाणार.” आम्ही दोघं हसलो. आईने ताटातली भाजी सारखी केली.

पुढच्या सोमवारी ती हॉलमध्ये चहा घेऊन आली. टीम चक्क पुढे होती. ती दारातून आत यायला आणि त्या टीमच्या खेळाडूच्या हातून बॉल निसटायला एकच गाठ पडली. नवऱ्याने कपाळावर हात मारला. “आई, तुम्ही किचनमध्ये होतात तोवर काय मस्त चाललं होतं हो!”

आता आपल्याकडे हे कुठल्या घरात बोलत नाहीत? क्रिकेटची मॅच रंगात आली की जागचं हलायचं नाही, आणि ज्याच्या येण्याने विकेट पडली त्याला हसत हसत बाहेर पिटाळायचं. माझा मामा तर अख्ख्या इनिंग्ज जिन्यात उभा राहून काढायचा आणि त्याचा त्याला अभिमान असायचा. नवऱ्याने तीच चेष्टा अमेरिकेच्या खेळाला लावली. आईही हसली. “बरं बाबा, जाते मी,” म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर आई सोमवारी सकाळी फिरायला जायला लागली. तळ्याकाठी सगळ्या आज्या जमतात, गुजराती आहेत, पंजाबी आहेत, छान गप्पा होतात, असं सांगायची. मला फार बरं वाटलं. म्हटलं, हिचा जम बसला. टीम मात्र हरतच होती. आई घरी आली की बूट काढता काढता पहिला प्रश्न विचारायची, “काय झालं हो मॅचचं?” नवऱ्याला वाटायचं, सासूबाईंना गोडी लागली. तो तिला सगळं रंगवून सांगायचा आणि ती मान खाली घालून ऐकायची.

मग एका सोमवारी माझी ट्रेन रद्द झाली. बदली बस मिळते का बघायला मी स्टेशनबाहेर आले, तर बसस्टॉपच्या बाकावर आई. वारा असला बोचरा सुटला होता की माझं नाक गळत होतं. ती माझं जुनं जॅकेट घालून, पर्स मांडीवर धरून एकटीच बसली होती. आज्या नव्हत्या, तळंही तिथून लांब होतं.

“आई! इथे काय करतेयस?”

ती एकदम उठली. “संपली का मॅच?”

“मॅच? मॅचचं काय घेऊन बसलीस? किती वेळ बसली आहेस इथे?”

“ओरडू नकोस गं. घरात नको म्हणून आले. जावयांची नोकरी आहे, घराचे हप्ते आहेत. माझ्यामुळे नको काही.”

मला कळेचना. मी तिला खाली बसवलं आणि तिने अगदी साध्या आवाजात, कुणा दुसरीबद्दल सांगावं तसं सांगितलं. तिचं लग्न झालं आणि महिन्याच्या आत तिचे सासरे गेले. सासूने त्याच दिवशी सगळ्यांसमोर तिला पांढऱ्या पायाची म्हटलं. तेव्हापासून घरातून कुणी चांगल्या कामाला निघालं की हिने समोर यायचं नाही. सासू गेली, तरी हिने ते पाळायचं सोडलं नाही. “आणि बघ ना,” ती म्हणाली, “तुझे बाबा पण गेलेच की.”

माझ्या प्रत्येक परीक्षेला हातावर दही बाबाच ठेवायचे. मला वाटायचं, आईची तेव्हा कुकरची गडबड असते. मी शिकायला इकडे आले, तेव्हा आई विमानतळावर आली नव्हती. गुडघा दुखतोय म्हणाली होती. त्या गुडघ्याचा राग मी इथल्या क्लेटनच्या भाड्याच्या खोलीत किती दिवस धरून होते! आणि ती स्वयंपाकघरात दाराआड उभी होती, माझं चांगलं व्हावं म्हणून. हे मला चाळिशी ओलांडल्यावर टार्निटच्या बसस्टॉपवर कळत होतं. मला त्या मेलेल्या आजीचा इतका राग आला की समोर असती तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

“अगं पण आई, तू इथे येऊन बसलीस तरी ते हरलेच ना? दर सोमवारी हरले. मग तुझा काय संबंध?”

मला वाटलं, जिंकले मी.

“घरात नव्हते, पण तुमच्या गावात होतेच ना,” ती म्हणाली.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो लगेच तिच्या खोलीत गेला. तो तिच्या पायाशी बसला, कान धरले, नोकरीचा आणि बॉलचा काडीचा संबंध नाही हे शंभरदा सांगितलं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याला शिरा करून घातला, आणि ख्रिसमस झाल्यावर तिकीट बदलून पुण्याला निघून गेली. पुन्हा येशील ना, ह्यावर फक्त “बघू” म्हणाली.

सीझनची शेवटची मॅच ती गेल्यावर झाली. मी ऑफिसला कळवलं की येत नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या सोफ्यावर नवऱ्याशेजारी बसले. अख्खा सीझन ज्या टीमसाठी ह्या माणसाने झोप मोडली, ती हरावी म्हणून आम्ही दोघं देव पाण्यात घालून बसलो होतो. आई हजारो मैलांवर असताना हे हरले, की तिच्या पायांवरचा डाग धुतला जाणार होता.

आणि ते मेले जिंकायला लागले. सीझनभर ज्यांच्या हातात बॉल ठरत नव्हता, त्यांच्या हाताला तो जणू चिकटला. मी डोळे फाडून बघत होते. “पड ना रे, पड!” नवरा आपल्याच खेळाडूवर ओरडत होता. तो पडला नाही. टीम जिंकली, मैदानभर माणसं नाचली, आणि आमच्या हॉलमध्ये नवऱ्याने रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

पुण्यात नुकतं उजाडलं असेल. फोन वाजला. आईचा होता. मी उचलला. नवऱ्याने फोन हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

“काय झालं हो?” आईने विचारलं.

“हरले, आई,” तो म्हणाला. “फार वाईट हरले.”

पलीकडून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“खरंच?” आई म्हणाली. “मी तिथे नसताना?”

“तुम्ही नसताना. ती टीमच भिकार आहे हो, आई.”

तिचा श्वास आम्हाला ऐकू आला. मग ती हळूच म्हणाली, “मग मी परत आले तर चालेल ना?”