पाडव्याला सुरू केलेलं मशीन

कॉम्प्युटर बिघडला की मला फोन येतो, आणि त्यात काय झालं हे नंतर सांगतात, कुणी केलं हे आधी. अमरावतीत राहून मी आसपासच्या दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. अकोल्याच्या जुन्या शहरात एक एक्स-रे आणि सोनोग्राफीचं सेंटर आहे. तिथल्या डॉक्टरांचा सकाळी फोन आला की सर्व्हर पुन्हा भरला, फोटो सेव्ह होत नाहीत, बाहेर पेशंट खोळंबलेत. आणि हे सगळं त्यांच्या ऑपरेटर बाईचं काम. दिवसभर सिनेमे उतरवत असणार, दुसरं काय! शनिवारपासून येऊ नकोस, असं त्यांनी तिला सांगूनही टाकलं होतं.

सर्व्हर म्हणजे सगळ्या तपासण्यांचे फोटो साठवणारं मोठं मशीन. याआधीही तो असाच भरला होता, तेव्हा मी घरबसल्या जुने फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवून जागा करून दिली होती. या वेळी मात्र सरळ बस धरली. मूर्तिजापूरपर्यंत उभ्यानं प्रवास, वर ऊन. अकोल्यात उतरले ती आधीच तापलेली. तशीही मी तापटच आहे, कुणी कौतुकानं बोललं तरी मला शंका येते.

सर्व्हर आतल्या खोलीत होता. कपाळावर हळदीकुंकू, बाजूला स्वस्तिक आणि बंद करायच्या बटणावर चिकटपट्टी. डॉक्टरांनी तो पाडव्याला गुरुजींना विचारून, मुहूर्त पाहून सुरू केला होता. तेव्हापासून सेंटरची भरभराट झाली, म्हणून तो आजवर एकदाही बंद केलेला नाही, हे त्यांनी मला अभिमानानं सांगितलं. त्याच्यासाठी वेगळा इन्व्हर्टर होता. दसऱ्याला बाकीची यंत्रं बंद ठेवून पुजायचे, ह्याला चालू ठेवून. मी मान हलवली. आमच्याकडे लोक ट्रॅक्टरला लिंबू-मिरची बांधतात, त्यात एका मशीनला कुंकू लावलं म्हणून माझं काय जातं?

ऑपरेटर बाई पस्तिशीची असेल. मोर्णा नदीपलीकडून पायी यायची, घरी दोन मुली आणि आजारी सासू, आणि कमावणारी ती एकटी. तिनं मला खुर्ची दिली आणि स्वतः दाराजवळ उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना. हळूहळू कळलं की ती आता आपला मोबाइलसुद्धा इथे चार्जिंगला लावत नाही. वायर जोडलेली दिसली की लोक म्हणतात, घ्या, सिनेमा चालला घरी. हे ती तक्रारीच्या सुरात नव्हे, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाली. मला वाईट वाटलं.

मी कामाला लागले. आधी सिनेमेच शोधले. एक नाही, एखादं गाणंसुद्धा नाही. मग प्रत्येक फोल्डरनं किती जागा घेतली ते पाहून सगळ्याची बेरीज केली. ती डिस्कच्या निम्म्यालाही पोचेना, आणि मशीन म्हणतंय, तसूभर जागा नाही. मी पुन्हा बेरीज केली. पुन्हा तेच. त्या मशीनला मी मनातल्या मनात जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी बाईला विचारलं की ती रोज सकाळी इथे नेमकं काय करते. तिनं करून दाखवलं. फोटोंचा प्रोग्राम दिवसभरातल्या बारीकसारीक गोष्टींची नोंद रोज एका नव्या फाइलीत करत असतो. ती फाइल फुगली की पुसायची, असं आधीचा इंजिनिअर तिला शिकवून गेला होता. म्हणून ती रोज न चुकता पुसायची. आणि ती फुगायची कशानं? सेंटरनं जुना फिल्म प्रिंटर कधीच विकून टाकला होता, पण प्रोग्रामला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा सारखा त्या प्रिंटरला हाका मारत होता आणि प्रिंटर सापडत नाही म्हणून पानंच्या पानं लिहीत होता.

आता खरी गोम अशी की चालू प्रोग्रामनं धरून ठेवलेली फाइल पुसली तर तिचं फक्त नाव जातं, जागा सुटत नाही. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू घर सोडत नाही, तसंच हे. इतर ठिकाणी रोज नाही तरी आठवड्यातून एकदा मशीन बंद होतं, तेव्हा असले भाडेकरू आपोआप बाहेर पडतात. इथे ते पहिल्या दिवसापासून आत ठाण मांडून होते. धरून ठेवलेल्या फाइलींची यादी काढली तर संपता संपेना. नुसता प्रोग्राम बंद करून पाहिला, तो अडकून बसला. मशीनच बंद करायला हवं होतं.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, दुसरा काही उपाय बघा. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, इतकी वर्षं चालतंय, बंद केल्यावर सुरूच नाही झालं तर? ती भीती खोटी नव्हती, म्हणून आधी सगळ्या फोटोंची नक्कल घेतली. त्यानंतरही ते गुरुजींना फोन लावायला निघाले. बाहेर पोटुशा बाया सकाळपासून पाणी पिऊन ताटकळत बसलेल्या. माझं डोकंच सटकलं.

"डॉक्टर, सिनेमा एकही नाही सापडला," मी म्हटलं. "जागा तुमच्या मुहूर्तानं खाल्ली आहे."

 त्यांचा फोन परत खिशात गेला. बाई दाराशीच होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग आपल्या हातांनी चिकटपट्टी सोलली. मशीन बंद झालं तेव्हा खोलीत इतकी शांतता पसरली की पंखा ऐकू यायला लागला. डॉक्टरांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. सुरू झालं. डिस्क निम्म्याहून जास्त मोकळी दिसली. मी विकलेल्या प्रिंटरचं नाव काढून टाकलं आणि दर रविवारी एकदा मशीन बंद करून सुरू करा, म्हणून सांगितलं.

डॉक्टर माफी मागतील असं मला वाटलं होतं. ते स्क्रीनकडे पाहत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, शनिवारी नेहमीसारखी ये. आणि हे रविवारचं बंद-चालू आता तुझ्याकडे, तूच करत जा. आवाज मऊ होता. आपल्या परीनं ते तिला मान देत होते.

ती येईन म्हणाली. मग हात मागे घेऊन म्हणाली, "पण बटन तुमीच दाबत जा, सर. एखाद्या रविवारी नाही सुरू झालं, तं सगळ्यायच्या आधी माह्यंच नाव येईन."

  तिनं दार उघडलं आणि बाहेरच्या पहिल्या बाईला आत बोलावलं.