डिकीत झोपणारे मामा

चारकोपच्या इस्टेटीत मागच्या चाकाची उडी माझ्याइतक्या जवळून कोणी ऐकली नसेल. आता खरं सांगतो, मला डिकीत कोंडलं होतं, दुसरं ऐकायला काही नव्हतंच. आणि ती जागाही माझी नव्हती, मामांची होती.

मामा म्हणजे आमच्या गॅरेजचे मोठे मिस्त्री. ते कोणाचे मामा, हे कोणालाच माहीत नव्हतं. शेठ त्यांना मामा म्हणायचे आणि शेठची आईपण. अंगाने असे, की गाडीखाली शिरायला त्यांना जॅक लागायचा नाही. गिऱ्हाईक म्हणालं की मागून आवाज येतो, की मामा चप्पल काढायचे, देवळाबाहेर काढतात तशी जोडीने, डिकी उघडायचे आणि आत जाऊन कुशीवर झोपायचे. "लाव झाकण. आणि खड्डे चुकवू नको." गाडी इस्टेटीला एक फेरी मारून यायची. डिकी उघडली की मामा एकच शब्द बोलायचे. "शॉकअप." नाहीतर "टायर." नाहीतर "बुश." मग चहा.

आत काय करता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "पत्र्यावर तळवा ठेवायचा आणि गप पडायचं. तुला तळवा जमेल. दुसरं जमायचं नाही."

ते खरं होतं. मला सातवीतून शाळेनेच सोडलं, तेही बोलण्यापायीच. गॅरेजला लागलो त्या पहिल्या दिवशी मामांनी मला सगळं फिरून दाखवलं, हे कुठे, ते कशाला. काय काय दाखवलं ते विचारू नका, मी त्यांना माझ्या जुन्या गॅरेजमधल्या गमती सांगत होतो. एक गोष्ट मात्र ते रोज सांगायचे म्हणून डोक्यात राहिली. बुश म्हणजे मागच्या ॲक्सलच्या टोकाला बसवलेला रबर. तो बदलला की बोल्टचा शेवटचा आटा गाडी खाली उतरवून मारायचा, चाकांवर वजन आल्यावर. "लटकत्या गाडीत आवळलास तर गाडी उतरल्यावर तो रबर पिळलेला राहतो. मग चाक खड्ड्यात मोकळं बसत नाही, उड्या मारतं." मी हो म्हणायचो. कोपऱ्यात दोन जाड लाकडी फळ्या पडलेल्या असायच्या, त्यांच्यावर बसून वडापाव खाताखाता हो म्हणायचो. बसायला झकास होत्या.

तर शोभाताई. वाकोल्याला राहतात, एअरपोर्टवर टूरिस्ट गाडी चालवतात. त्यांची गाडी आली, का तर स्पीडब्रेकरवर मागचं चाक तीन-तीन उड्या मारतं. मामा डिकीत झोपून आले, म्हणाले, "बुश." मी बदलला. पंधरा दिवसांनी गाडी परत. मामा परत झोपले. "बुश." मी परत बदलला. तिसऱ्यांदा ताई आल्या तेव्हा उतरल्यापण नाहीत, काच खाली करून बोलल्या, "पक्या, विमानात देतात ती उलटीची पिशवी लोक माझ्या गाडीतच मागायला लागलेत. कंपनी म्हणते या आठवड्यात गाडी नीट कर, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघतो."

त्या वर्षी मामांचे कान गेले होते. मागून हाक मारली तर वळायचे नाहीत, आम्ही खांद्यावर हात ठेवायचो. आणि मला काही दिसलं की त्याची नक्कल केल्याशिवाय राहवत नाही. शेठसमोर मी मामा झालो. टेबलावर कुशीवर झोपलो, कानाला हात लावला, उठलो आणि डोळे मिटून म्हणालो, "बुश." शेठ पोट धरून हसले. मग हसायचे थांबले.

"खरंच ऐकू येत नाही त्यांना?"

"तसं नाही हो शेठ, मी आपली गंमत..."

"गाडी तिसऱ्यांदा आलीये पक्या. ही गंमत नाही." मला टेबलावरून खाली उतरवलं. "आज डिकीत तू जा. तुला कान आहेत. बुश नसून दुसरं काही निघालं, तर मामांना घरी बसायला मी आजच सांगतो."

मामा लांब उभे राहून आमची तोंडं बघत होते. मी चप्पल काढायला लागलो तेव्हा त्यांना काय ते कळलं. जवळ आले आणि माझी चप्पल जोडीने लावून ठेवली.

ताईंच्या डिकीत गॅसची टाकी. अर्धी जागा तिने खाल्लेली, उरलेल्या अर्ध्यात मी. उंचीला मी कमी आहे, पण ते पोटाने भरून काढलंय. झाकण लागेना. शेवटी एका बाजूने शेठ आणि एका बाजूने ताई बसल्या तेव्हा लागलं. आत काळोख, पेट्रोलपंपासारखा वास, गुडघे हनुवटीला. हात तेवढा मोकळा, तो पत्र्यावर ठेवला. बोलायला कोणी नव्हतं, तर आयुष्यात पहिल्यांदा गप पडलो.

पहिला स्पीडब्रेकर आला. चाक वर गेलं, खाली येताना कर्र असं काहीतरी तळव्याला लागलं, ओलं लुगडं पिळावं तसं. मग ठक, ठक, ठक. दुसऱ्याला तसंच. आधी कर्र, मग उड्या. रबर पिळलेला होता. बुशच होता. मामा दोन्ही वेळा बरोबर होते.

आणि मग मला घाम फुटला. गाडी चाकांवर उतरली की तिच्याखाली माझं पोट जात नाही. म्हणून तो शेवटचा आटा मी दोन्ही वेळा वरच, जॅकवर लटकत्या गाडीत मारून टाकला होता. एक आटा, म्हटलं कोणाला कळतंय.

सिग्नलला ट्रॅफिक लागला. वीसेक मिनिटं मी तिथे पडून होतो आणि मनात सगळं लावून बघितलं. टायर म्हणालो तर मी सुटतो, मामा जातात. बुश म्हणालो तर मामा राहतात, पण शेठ विचारणार, बदलला कोणी. तिसरं काही आहे का म्हणून खूप शोधलं. डिकीत वळायलाच जागा नव्हती, तर पळायला कुठून असणार.

गॅरेजला आलो. ताईंनी आतून खटका ओढला आणि वायर तुटली. डिकी उघडेना. मागच्या सीटकडून येऊ म्हटलं तर मधे टाकी. बाहेर शेठचा आवाज आला, "काय आहे रे पक्या?"

मी पडेल आवाजात म्हणालो, "मामांना बोलवा. त्यांनाच सांगतो."

मामांची नखं पत्र्यावर वाजली. मी झाकणाला तोंड लावून हळू म्हणालो, "मामा, बुशच आहे. शेवटचा आटा मी वरच मारला."

"काय?"

"आटा वरच मारला मामा."

"मोठ्याने बोल रे मेल्या. एरवी तर इस्टेट डोक्यावर घेतोस."

मग मी ओरडलो. दोनदा. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा बाजूच्या लेथवाल्याने मशीन बंद केलं. गाडीखाली पोट जात नाही, इथपर्यंत सगळं ओरडून सांगितलं.

मामांनी नंबर प्लेटचा दिवा काढून त्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घातला आणि डिकी उघडली. मला बघून म्हणाले, "बुश." मग चहा नाही, काही नाही. नवीन बुश घालायला लावला, गाडी खाली उतरवली, स्वतः जमिनीवर सरकत आत गेले आणि शेवटचा आटा मारला. शोभाताई त्यानंतर ऑइल बदलायलाच आल्या. शेठने मला काढलं नाही, पण दोन महिने फक्त गाड्या धुवायला लावल्या. त्यांच्या टेबलावरसुद्धा परत झोपू दिलं नाही.

मामा पुढे दीड वर्ष राहिले आणि मग स्वतःहून थांबले, गुडघे ऐकेनात म्हणून. शेवटच्या दिवशी सगळे पाने पुसून ठेवले. जाताना माझ्या पोटावर तळवा ठेवला, पत्र्यावर ठेवायचे तसा, थोडा वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, "चालेल."

परवा त्यांना भेटायला मुलुंडला गेलो, मुलीकडे असतात. कानाचं मशीन आणलंय, पण ते डबीत ठेवलेलं असतं. मी जवळ बसलो आणि माझा शोध सांगितला. आता मी बुश आवळताना कोपऱ्यातल्या त्या दोन फळ्या चाकांखाली घालतो. गाडी चाकांवर पण राहते आणि माझ्या पोटापुरती उंच पण होते. सगळी इस्टेट नाव काढते. मुद्दाम मोठ्याने सांगितलं, शेजारच्यांना पण कळावं म्हणून.

मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या फळ्या त्यासाठीच होत्या. पहिल्या दिवशी दाखवलं होतं तुला. तू बोलत होतास."