भाऊजींच्या उसात जाणारे चेंडू

मारलेला चेंडू सरळ निघतो आणि मग उजवीकडे वळत वळत भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो, या रोगाला गोल्फमध्ये स्लाइस म्हणतात. नवशिक्यांपैकी बहुतेकांना तो होतो. मला झाला तेव्हा मात्र जो तो मला समजावू लागला, की हे माझ्या वयामुळे, बाईपणामुळे आणि साडीमुळे होतंय. तिन्ही कारणं खोटी आहेत हे मला तेव्हाही ठाऊक होतं. फक्त खरं कारण ठाऊक नव्हतं.

शाळेतून निवृत्त झाले आणि महिनाभर लेकीकडे पुण्याला राहिले. तिच्या घराजवळ गोल्फच्या सरावाचं मैदान होतं. ती ऑफिसला गेली की मी तिथे जाऊन बसायची, आणि एक दिवस काठी हातात घेतलीच. परत येताना लेकीने कुणाची तरी जुनी काठी आणि पिशवीभर चेंडू बरोबर दिले. पिंगळी गावात आमच्या वाटणीचं रान आहे. हरभरा निघाला की ते मोकळंच असतं. परभणीच्या घरून स्कूटीवर जायचं, ज्वारीच्या धाटाचा बोटभर तुकडा मातीत रोवायचा, त्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा.

यजमान जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी काय करावं हे माझ्यापेक्षा इतरांनाच जास्त कळतं. पारायणाला बसावं, नातवंडं सांभाळावीत, गुडघ्यांना तेल चोळावं. मला याचा संताप यायचा. त्या रानात तासभर मला कुणी काही सांगत नसे.

सांगणारा लवकरच आला. उजवीकडच्या बांधापलीकडे माझ्या धाकट्या दिरांचा ऊस आहे आणि माझे चेंडू एकामागून एक तिकडेच जात होते. एक तर पाणी द्यायला आलेल्या गड्याच्या पायाशी पडला. भाऊजी तणतणत बांधावर आले.

“वैनी, ह्ये काय चालवलंय? त्याच्या टकुऱ्यात बसला असता म्हंजी?”

ते खरंच होतं. मी माफी मागितली. तेवढ्यावर ते थांबले असते तर विषय मिटला असता.

“बायकांच्या हातात जोर नसतो, म्हणून वाकडं जायलाय. सोडा ह्यो नाद. लोकं लय हसायलेत.”

“आठ दिवस द्या,” मी म्हणाले. “रविवारी तुमच्यासमोर एकच चेंडू मारते. गडी उसाबाहेर ठेवा. तुमच्या रानात गेला तर ही काठी तुमच्या गोठ्यात टांगा, मी परत हात लावणार नाही.”

“बगा बरं, मास्तरीणबाईचा शब्द हाय.”

पहिले तीन दिवस मी तेच केलं जे सगळे नवशिके करतात. चेंडू उजवीकडे जातोय ना, मग डावीकडे नेम धरून उभी राहिले. तो आणखीच वळला. मग गडी घरी गेल्याचं बघून जोर वाढवला. चेंडू उसात आणखी खोल जाऊन पडला, म्हणजे जोराची गोष्ट तर निकालात निघाली.

चौथ्या दिवशी काठी बाजूला ठेवून नुसते हात फिरवून बघितले, आणि ते हात ओळखीचे वाटले. ते विळ्याचे हात होते. माहेरी गहू कापला, सासरी सोयाबीन. विळा बाहेरून आत, आपल्या अंगाकडे ओढायचा असतो. काठीही मी तशीच ओढत होते, आणि तिचं तोंड, म्हणजे चेंडूवर बसणारी सपाट बाजू, उजवीकडे उघडं राहत होतं. काठी चेंडूला घासून जायची, त्याला तिरपी गिरकी बसायची आणि तो उजवीकडे पळायचा. डावीकडे नेम धरला की ओढ अजूनच तिरपी. यात वय कुठे आलं, आणि साडी कुठे आली? जन्मभर जे काम केलं तेच आड येत होतं. मी रानात एकटीच मोठ्याने हसले.

आता ही सवय मोडायची कशी? उत्तर घरच्या अंगणात सापडलं. अंगण धुताना लांबच्या कोपऱ्यात पाणी मारायचं तर बादली अंगाजवळून निघते, बाहेर जाते, आणि पाणी सुटताना मनगटं आपोआप वळतात. तिथे ओढणं नाही, फेकणं आहे, म्हणजे गिरकीही उलटी बसणार. रोज तेवढं पाणी वाया घालवायची आमच्याकडे सोय नाही, म्हणून मी रिकामीच बादली फेकत राहिले. शेजारणीने एकदा बघितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. काठीवरचा डावा हातही जरा उजवीकडे वळवला, वरून मुठीची दोन हाडं दिसतील इतका, म्हणजे तोंड उघडं राहायला नको.

रविवारी भाऊजी पांढराशुभ्र पायजमा घालून आले आणि बांधावर हात बांधून उभे राहिले. मी धाटाचा तुकडा रोवला आणि त्यावर चेंडू ठेवला. दिवसातला तेवढा एक तास माझा होता आणि तो मी एका चेंडूवर लावला होता.

काठी फिरली. चेंडू निघाला तो उजवीकडेच, थेट उसाच्या दिशेने.

“गेला!” भाऊजी ओरडले.

मग चेंडू हवेतच डावीकडे वळला, बांधाच्या कडेकडेने आत आला आणि माझ्याच रानात, काळ्या मातीच्या भेगेपाशी पडला.

भाऊजी बांध उतरून माझ्यापर्यंत आले.

“वाऱ्यानं फिरवला,” ते म्हणाले. “तुमचं काय न्हाई त्यात.”

मी वाकून मूठभर वाळकी माती उचलली आणि त्यांच्यासमोर हात उंच करून हळूहळू सोडली. ती सगळी उसाच्या दिशेने उडाली, आणि मधे भाऊजींचा पायजमा होता.

ते पायजमा झटकत राहिले. मी धाटाचा दुसरा तुकडा रोवला.