वत्सलामावशींची न संपू दिलेली कविता

वत्सलामावशींना हार्ट अटॅकनं नेलं. त्यांची कविता मात्र आपण मारली.

राग आला तर येऊ द्या.

मखमलाबादकडं मावशींचा शेवंतीचा मळा. गंगापूर रोडच्या हॉलमध्ये दर महिन्याला कवितांचा कार्यक्रम होतो, तिथं त्या न चुकता यायच्या. साऊंड माझा असतो, त्यामुळं हे सगळं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

आधी निमंत्रित कवी. शाल, श्रीफळ, परिचय. कवितेपेक्षा परिचय लांब.

मग निमंत्रित कवी "दुसरीकडं एक प्रोग्राम आहे" म्हणून उठतात. त्यांच्यामागं त्यांची माणसं.

मग ओपन माईक. म्हणजे रिकाम्या खुर्च्या, आणि घड्याळ बघणारे अध्यक्ष.

मावशींची कविता एकच, पण मोठी. भाऊबीजेला माहेरी निघालेल्या बहिणीची.

बहीण जरा कुठं एसटीत बसली, की अध्यक्ष, "वा! सुंदर! धन्यवाद!"

मावशी खाली बसायच्या. पुढच्या महिन्यात तिथूनच पुढं सुरू. "मागल्या बारीला बहीण एसटीत बसली व्हती…"

हॉल हसायचा. मावशीही हसायच्या. मला हसू यायचं नाही.

असं तुकड्यातुकड्यानं बहीण माहेरी पोचली. ओवाळून झालं. आणि भावानं हक्कसोडीचे कागद काढले. जमिनीतला वाटा सोड, सही कर.

"धन्यवाद! धन्यवाद!"

चहाला मी विचारलं, "मावशी, सही केली का हो तिनं?"

"दम धरा की विलासभाऊ. तुम्हाला ऐकायची घाई, त्यांना उठवायची."

ती शेवटची भेट.

आज सकाळी ग्रुपवर बॅनर आला. मावशींचा फोटो. "आमच्या लाडक्या कवयित्री". शोकसभा. खाली निमंत्रित कवींची नावं, फोटोंसकट.

अध्यक्षांना फोन लावला. "साहेब, मावशींची कविता कोण म्हणणार?"

"बघू ना विलासशेठ. निमंत्रित मंडळी त्यांच्यावर नवीन कविता करून आणतायत. वेळ उरला तर शेवटी ओपन माईकला घेऊ."

ओपन माईकला!

बाईच्या स्वतःच्या शोकसभेत!

"मग साऊंडही दुसरीकडून बघा," म्हटलं, आणि फोन ठेवला.

तडक मावशींच्या घरी गेलो. सून अर्चना भेटली. फुलं तोडताना सासू रोज कविता म्हणायची, हिला सगळी पाठ.

न राहवून विचारलं, "वहिनी, सही केली का?"

तिनं पदरानं डोळे पुसले आणि शेवट म्हणून दाखवला:

कागद पुढं सरकवला, पेन दिला हाती,
म्हणलं, वहिनी वाढा आधी, भूक लागली किती!
जेवण झालं, हात धुतला, निघाले मी घरी,
पेन तुझा घे रे दादा, सही माझ्या पदरी.

चार ओळी.

एवढ्याला आपल्याकडं वेळ नव्हता. नारळ द्यायला होता.

दहाव्याला, विधी आटोपल्यावर, मावशींच्या अंगणात अर्चनावहिनी ही कविता पहिल्या ओळीपासून म्हणणार आहे. शाल नाही, परिचय नाही, अध्यक्ष नाही. ज्यांना दुसरीकडं प्रोग्राम आहे त्यांनी कृपया येऊच नये.

मावशी, हात जोडून नमस्कार. सुखानं जा.