साल्वादोरची ती गल्ली

साओ पाउलोच्या विमानतळावर राफाएलने पुढे होऊन माझी बॅग उचलली, तेव्हाच मला तो माणूस खटकला. "थँक्यू, मी नेते," म्हणत मी ती परत ओढून घेतली. माझी मुलगी इरा जन्मली, वाढली शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये. आता संशोधनासाठी ब्राझीलमध्ये राहते. राफाएल तिचा 'फ्रेंड'. आम्हाला तीन शहरं तोच दाखवणार होता. माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, ऐनवेळी यायचं कॅन्सल केलं होतं.

साओ पाउलो म्हणजे इमारतींचं रान, नजर जाईल तिथवर. नाश्त्याला पाओ दे केजो (चीज घातलेले गोल, मऊ पाव) गरमगरम मिळाले. पण राफाएलचा फोन सारखा वाजे आणि तो उठून बाहेर जाई.

"कुणाशी बोलतो गं हा?"

"आई, रिलॅक्स. हिज फॅमिली."

रिओमध्ये केबल कारने आम्ही पाओ दे असुकार (साखरेची ढेप) नावाच्या डोंगरावर गेलो. खाली निळी खाडी, डोंगरांच्या बेचक्यांत वसलेलं शहर. लोक ते बघत होते. मी राफाएलकडे बघत होते. तो इराला हळू आवाजात काहीतरी विनवत होता आणि ती "नाऊं, नाऊं" (नाही, नाही) म्हणत होती.

साल्वादोरला उताराच्या दगडी गल्ल्या, पिवळी-निळी घरं. एका वळणावर तळणाचा खमंग वास आला. "इकडून नको," राफाएल घाईने म्हणाला, "दुसऱ्या रस्त्याने जाऊ." झालं! मी सरळ त्याच गल्लीत शिरले.

पांढऱ्याशुभ्र झालरीच्या घागऱ्यातली एक बाई पामतेलात अकराजे (चवळीचे वडे) तळत होती. "इरा!" ती ओरडली आणि झारा टाकून तिने इराला मिठी मारली. या शहरात इरा पहिल्यांदाच येत होती, निदान मला तसं सांगितलं होतं. मग त्या बाईने माझे गाल दोन्ही हातांत धरले. "सोग्रा!"

"काय म्हणाली?"

"वेलकम म्हणाली," इरा पुटपुटली.

"नाही," राफाएल इंग्रजीत म्हणाला. "ही माझी मावशी. ती तुम्हाला माझी सासू म्हणाली."

मी तिथल्याच पायरीवर बसले. इरा रडायला लागली. "कोर्टात लग्न केलं, आई. राफाएल रोज म्हणत होता, सांगू या. मीच नको म्हटलं."

"आणि बाबा?"

"ही नोज."

मावशीने माझ्या हातात गरम वडा ठेवला. दुसरं काय करावं ते सुचेना, म्हणून मी तो खाल्ला. तिखटजाळ होता. डोळे पुसायला निमित्त झालं.

शिकागोला श्रीकांत घ्यायला आला. गाडीत मी विचारलं, "मलाच का नाही सांगितलं?"

त्याने गाडीतला रेडिओ बंद केला. "तू नाही म्हणशील ही भीती नव्हती तिला. तू एकेक प्रश्न विचारशील आणि तिला स्वतःचं लग्न तुझ्यापुढे सिद्ध करत बसावं लागेल, याची होती."

आता मंडळातल्या बायका विचारतात, ब्राझीलमध्ये काय बघावं? मी तिन्ही शहरं सांगते, साल्वादोर आधी. राफाएलवर आता माझा संशय नाही. घरच्या दोघांवर मात्र अजून आहे. तो इतक्यात जायचा नाही. पण इराचा फोन आला की जिभेवर आलेला पहिला प्रश्न मी गिळते, आणि तिला बोलू देते.