अप्पांच्या तंबूचं दार

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगते, निम्म्या वेळा मनात येतं – बाई, तू आधी नीट झोप काढ! मी याद्या करणारी बाई आहे. किराणा, गॅस, सासऱ्यांच्या गोळ्या... सगळ्याची यादी, आणि काम झालं की टिक. भूतखेत, बाधा, नजर यांना माझ्या डोक्यात कधीच जागा नव्हती. आजही नाही. तरी हे लिहितेय, कारण जे झालं ते भर दुपारी झालं आणि मी स्वतः हातात ड्रिल घेऊन उभी होते.

गोष्ट २०१४ च्या डिसेंबरातली. आम्ही पनवेलला राहतो. नेऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमचं थोडं शेत आणि दोन खोल्यांचं घर आहे. माझे सासरे – अप्पा – तेव्हा एक्क्याऐंशीचे. आयुष्यभर दर हिवाळ्यात पोरांना घेऊन तंबू ठोकणारा माणूस. आदल्या वर्षी पडले, खुबा बदलावा लागला, आणि तेव्हापासून फ्लॅटच्या बाहेर पडायचं नाव नाही. जमिनीवर बसणं बंद, वॉकर कायमचा.

“अप्पा, शेतावरच्या घरी तरी चला,” मी म्हणायचे.

“चार भिंतींतून उठून दुसऱ्या चार भिंतींत? त्यापेक्षा इथे टीव्ही तरी आहे.”

मग मी यर्टचं शोधून काढलं. मंगोलियाकडचा गोल तंबू – लाकडी जाळीची भिंत, वर छत्रीसारख्या काठ्या, त्यावर जाड कॅनव्हास, आणि चौकटीचं खरंखुरं दार. आत पलंग मावतो, कमोड चेअर मावते, उभं राहून कपडे बदलता येतात. कोन गावाजवळचं एक ग्लॅम्पिंगवालं, म्हणजे ऐषारामी तंबूंचं, रिसॉर्ट बंद होत होतं, त्यांच्याकडून जुना मिळाला. अप्पांनी फोटो पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला.

“येतो. पण एकदाच सांगून ठेवतो – तिथे जाऊन माझी फजिती झाली, तर परत मला कुठे चला म्हणायचं नाही.”

म्हणजे संधी एकच. मी बेचाळीस कामांची यादी केली.

शनिवारी दुपारी पाऊणपर्यंत यर्ट उभा होता. विटांच्या खांबांवर प्लायवूडचा चौथरा, त्यावर यर्ट. दार पश्चिमेला, गाडी येते त्या बाजूला, आणि दारासमोर अप्पांच्या वॉकरसाठी लाकडी उतार. दाराची चौकट चार बोल्टनी चौथऱ्याला पक्की केली. भोकं मी स्वतः पाडली. फोनवर फोटोही काढला.

मग मी आणि माझे मिस्टर हेमंत हिराबायकडे जेवायला गेलो. हिराबाय आमचं शेत बघतात, त्यांचं घर शंभर पावलांवर. त्यांच्या पडवीतून यर्टचं पांढरं छप्पर सगळा वेळ माझ्या डोळ्यांसमोर होतं. तिथे कुणी फिरकलं नाही. चाळीस मिनिटांनी परत आलो, तर उतार होता तिथेच... आणि त्याच्यासमोर सपाट कॅनव्हास.

दार पूर्वेला गेलं होतं. डोंगराकडे. चारही बोल्ट घट्ट.

“हेमंत, ही गंमत असेल तर –”

“अगं, मी तुझ्याच शेजारी भात खात होतो!”

पश्चिमेचं प्लायवूड पाहिलं. कोरं. एकही भोक नाही. मला घाबरायला वेळ नव्हता. मुलगी ईशा अप्पांना घेऊन चारला पोचणार होती. हिराबायच्या घरातली तिघं बोलावली, पट्टे सोडले, सगळी जाळी गोल फिरवली, पश्चिमेला पुन्हा चार भोकं पाडली, बोल्ट आवळले. पावणेचार वाजले.

हिराबाय कमरेवर हात ठेवून बघत होत्या. “ताई, तुमी सांगितलं का नाय?”

“कुणाला?”

त्यांनी पूर्वेच्या बांधावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाकडे हनुवटी केली. “राखणदाराला. नवीन घरात पयल्यांदा कोन झोपनार हाय, त्याचं नाव सांगायला लागतं. तुमचं ह्ये घर बांधलं तवा सांगितलंता ना आमी.”

“अहो, हा तंबू आहे. घर नाही.”

“दार हाय, कडी हाय, पलंग हाय. मंग घराला अजून काय शिंगं असत्यात?”

तेवढ्यात हॉर्न वाजला. आम्ही सगळेच फाटक उघडायला गेलो. फार तर पाच मिनिटं. अप्पा उतरले, वॉकर घेतला, एकेक पाऊल टाकत उतारापर्यंत आले आणि थांबले.

“सूनबाई, दार कुठाय?”

पुन्हा सपाट कॅनव्हास! दार परत पूर्वेला. ईशा हसायला लागली, तिला वाटलं आईची यादी चुकली. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी वॉकर गाडीकडे वळवला. “राहू दे,” ते हळूच म्हणाले. “चला घरी.”

“नाही,” मी म्हटलं. “घरी नाही जायचं. ईशा, अप्पांना खुर्ची दे. हेमंत, उतार उचल. हिराबाय, फावडं आणा.”

पूर्वेला कापलेल्या भाताचे खुंट होते, जमीन ओबडधोबड. तिघांनी ती सपाट केली, दोघांनी उतार ओढत नेऊन तिकडच्या दाराला लावला. ते चालू असताना मी बांधावर गेले. विश्वास म्हणून नाही... एक काम राहिलं होतं, ते करायला. दगडासमोर उभी राहिले आणि हॉस्पिटलात ड्यूटी बदलताना नर्सबाई सांगतात तसं सांगितलं. नाव, वय एक्क्याऐंशी, उजवा खुबा बदललेला, रात्री दोनदा उठतात, उतारावर घाई करतात, लक्ष ठेवा.

अप्पा चढले. घाई न करता. आत जाऊन पलंगावर बसले, वर छपराच्या गोल झरोक्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “तंबूत गादी! लाज वाटते. पण छान आहे.”

सकाळी ते दारात खुर्ची टाकून चहा पीत होते, समोर डोंगर. मी टॉर्च घेऊन चौथऱ्याखाली सरपटत गेले. पश्चिमेच्या बाजूला, खालच्या गवतावर लाकडाचा भुसा पडलेला – माझ्याच ड्रिलचा, दोन वेळचा. आणि वर प्लायवूड कोरं. मी बोटांनी इंच न् इंच चाचपलं. आठ भोकं पाडली होती, एकही नव्हतं. फोनमधल्या फोटोत दार मात्र पश्चिमेलाच आहे, आजही.

हेमंत म्हणतात, आपण दमलो होतो. दमलेला माणूस भोकं पाडल्याचं विसरेल एक वेळ, पण बुजवेल कशी? सुताराला दाखवलं, ओळखीच्या इंजिनिअरला विचारलं. यादीतल्या या ओळीपुढे अजून टिक नाही.

त्या सकाळी मी खाली तशीच पडून होते, तेवढ्यात डोक्यावरच्या प्लायवूडवर वॉकर वाजला. टक्... टक्... आणि अप्पांचा आवाज – “सूनबाई, पुढच्या शनिवारी मोकळी आहेस का?”

“आहे!” मी खालूनच ओरडले.