कपाच्या काठावरच्या मॅडम

चहा संपला की मॅडम कपाच्या काठावर बोट ठेवून म्हणायच्या, "ही मी. घरी गेले तरी इथं आहे."

मी म्हणायचे, "मग विसळू का तुम्हाला?"

पालघरला बायकांच्या मदत केंद्रात चहापासून समजूत घालण्यापर्यंत सगळं मी बघते. मॅडम प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन बोईसरला लेकाकडे आलेल्या. रक्त, थुंकी, घाम यांतून माणसाची खूण, म्हणजे डीएनए, कसा सापडतो आणि कसा बिघडतो, हे त्या पोलिसांना, नर्सना आणि आमच्याकडच्या बायकांना सांगायच्या. सगळ्यांना एकाच भाषेत, बरं का.

एकदा एक हवालदार म्हणाला, पुराव्याचे ओले कपडे तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून पाठवतो. मॅडमनी त्याचं गाव विचारलं. निघालं समुद्राकाठचं.

"ओले बोंबील असे बांधून ठेवते का तुमची आई?"

"नाय मॅडम, सडतील."

"खूणही सडते. आधी सावलीत वाळवा, मग कागदी पिशवीत घाला."

त्या हवालदाराला अजून सगळे बोंबील म्हणतात.

मग सरावली गावातली एक आई आली. तिची मोठी मुलगी कंपनीत पॅकिंगला जायची. तिथल्याच एकानं तिच्यावर जबरदस्ती केली होती. पोलिसांपुढे मळक्या कपड्यांत कसं न्यायचं, म्हणून आईनं मुलीला आंघोळ घातली, कपडे धुऊन वाळवले आणि मग तक्रारीला आली. पुढं कुणीतरी सांगितलं, पुरावाच धुतलास. तेव्हापासून तिचं जेवण सुटलं. "मीच त्याला सोडवला," एवढंच म्हणायची.

मॅडम म्हणाल्या, "धुतल्यानं कमी होतं, हे खरं. पण शिवणीत राहतंही कधी कधी. तपासल्याशिवाय बोलायचं नाही."

"मिलंल ना?"

"ते मी म्हणणार नाही."

मला रागच आला. दोन शब्द धीराचे द्यायला काय जात होतं?

अहवालात काहीच निघालं नाही. ते सांगायला मात्र मॅडम स्वतः सरावलीला गेल्या. मी सोबत होते. खोलीत जमिनीवर बसून म्हणाल्या, "सापडलं नाही म्हणजे घडलं नाही, असं प्रयोगशाळा म्हणत नाही. मुलीचा शब्द आहे. तोही पुरावाच."

भिंतीकडे तोंड करून पडलेली मुलगी तेव्हा वळली. म्हणाली, "कोर्टात पन असंच धरतील?"

"वकिलांना मी समजावते. कोर्ट काय धरेल, ते मी म्हणणार नाही. सांगावं मात्र तुलाच लागेल."

कोर्टात ती बोलली. अडखळली, थांबली, पाणी मागितलं, पण बोलली. त्याला शिक्षा झाली.

मॅडम मागच्या वर्षी आजारपणात गेल्या. सरावलीची आई आता सुट्टीच्या दिवशी केंद्रात येऊन बसते. परवा एक बाई आली. कपडे धुतले म्हणताना तिची मान वर होईना.

आईनं मॅडमच्या कपात चहा ओतून तिच्यापुढं सरकवला.

"मीपन धुतलं होतं, बाय. बस आदी."